७२५ किलोंची गाडी: लोटस एलिसच्या वजनाचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात लोटस कंपनीने एलिस ही दोन आसनांची उघडी गाडी लोकांपुढे आणली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. गाडीचे जाहीर केलेले वजन ७२५ किलो होते. इंजिन रोव्हर कंपनीचे, १.८ लिटरचे आणि ११८ अश्वशक्तीचे होते. तेवढी ताकद त्या काळच्या युरोपातील साध्या कौटुंबिक गाड्यांतही मिळत असे. असे असूनही ही गाडी उभ्या स्थितीतून ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर, हा वेग सहा सेकंदांच्या आत गाठत असे, आणि वळणावरच्या तिच्या वागण्याचे कौतुक तर आजही ओसरलेले नाही. वजन कमी केल्याने गाडीत नेमके काय सुधारते, ते कमी कसे करतात आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते याहून चांगले उदाहरण नाही, कारण या गाडीत वेगळे असे जे काही आहे ते जवळजवळ सगळे वजनातून आलेले आहे.

गाडीतून वस्तू काढत गेले की गाडी हलकी होते, अशी सर्वसाधारण समजूत असते. एलिसच्या आराखड्याचा मार्ग वेगळा होता. वस्तूची गरजच पडणार नाही अशी मांडणी आधी करायची, म्हणजे एका ठिकाणी वाचलेला किलो दुसऱ्या ठिकाणचा अर्धा किलो आपोआप वाचवतो, असा तो हिशेब होता. या लेखाचा सगळा रोख त्या हिशेबाकडे आहे.

परिस्थिती

लोटसचा कारखाना इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात हेथेल येथे, दुसऱ्या महायुद्धातील एका जुन्या विमानतळावर आहे. संस्थापक कॉलिन चॅपमन १९८२ मध्ये वारले. त्यानंतर कंपनीची मालकी जनरल मोटर्सकडे गेली आणि १९९३ मध्ये ती रोमानो आर्टिओली या इटालियन उद्योजकाने घेतली, ज्याच्याकडे त्या वेळी बुगाटीही होती. एलिसचे काम सुरू झाले तेव्हा कंपनीच्या गाठीला पैसा थोडा होता. १९९५ मध्ये बुगाटीचे दिवाळे निघाले आणि पुढच्याच वर्षी लोटसची मालकी मलेशियाच्या प्रोटॉनकडे गेली. गाडीला एलिस हे नाव आर्टिओली यांची नात एलिसा हिच्यावरून मिळाले.

या ओढगस्तीचा थेट परिणाम आराखड्यावर झाला. नवे इंजिन विकसित करणे कंपनीच्या आवाक्याबाहेर होते. पोलादी पत्र्याची बॉडी दाबून काढण्यासाठी लागणारे डाय, म्हणजे साचे, इतके महाग असतात की वर्षाला काही शेकडा गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च कधीच भरून निघत नाही. म्हणजे इंजिन दुसऱ्याचे घ्यावे लागणार, ते फार ताकदीचे असणार नाही आणि बॉडी फायबरग्लासची करावी लागणार, एवढे जवळपास ठरलेलेच होते. अशा स्थितीत गाडीला वेग द्यायचा तर हातात वजन हा एकच उपाय उरतो.

हा उपाय किती मोलाचा होता ते साध्या त्रैराशिकाने कळते. ७५ किलोंचा चालक धरला तर एलिस चालत्या स्थितीत ८०० किलोंची होते. चालकासह १,२२५ किलो भरणारी एखादी हॅचबॅक तशीच पळवायची म्हटली तर ११८ ऐवजी सुमारे १८१ अश्वशक्ती लागेल. एवढी ताकद देणारे इंजिन मोठे आणि जड असते. त्याला भक्कम गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर, रुंद टायर आणि मोठे ब्रेक लागतात, इंधन जास्त लागते म्हणून टाकीही मोठी करावी लागते, आणि या सगळ्याचा भार पेलायला चॅसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, पुन्हा जाड करावी लागते. तेवढ्यात गाडी आणखी शंभर किलोंनी जड झालेली असते, म्हणजे १८१ अश्वशक्तीही पुरत नाही. एलिसच्या अभियंत्यांनी हेच चक्र उलट दिशेने फिरवले.

सोऱ्यातून निघालेली चॅसिस

गाडीचे बाह्यरूप जूलियन थॉमसन यांचे आणि चॅसिसची कल्पना रिचर्ड रॅकहॅम यांची. ही चॅसिस अवघी ६८ किलोंची आहे. दोन धडधाकट माणसे ती सहज उचलू शकतात. आणि तरीही तिला एका अंशाने पिळायचे असेल तर सुमारे १०,००० न्यूटन-मीटर इतका जोर लावावा लागतो, जो त्या काळच्या उघड्या गाड्यांच्या मानाने फार मोठा होता.

ती बनली आहे ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनपासून. चकलीचे पीठ सोऱ्यात घालून दाबले की चकतीला ज्या आकाराचे भोक असेल त्याच आकाराची लांबलचक पट्टी बाहेर येते, तसाच हा प्रकार आहे: तापवून मऊ केलेला ॲल्युमिनियमचा गट्टू प्रचंड दाबाने पोलादी डायमधून ढकलतात आणि हव्या त्या छेदाचा, आतून पोकळ, मध्ये पडदे असलेला दांडा बाहेर काढतात. पत्रा दाबण्याच्या डायपेक्षा हा डाय कितीतरी स्वस्त असतो, आणि कमी संख्येने गाड्या बनवणाऱ्या कंपनीला ही पद्धत का परवडली ते तिथेच कळते. शिवाय या पद्धतीत धातू हवा तिथेच ठेवता येतो. जिथे ताण आहे तिथे भिंत जाड, जिथे नाही तिथे पातळ, आणि जिथे बोल्ट बसायचा आहे तिथे त्याच्यासाठी गोल पन्हळ, असे सगळे एकाच दांड्याच्या छेदात बसवता येते.

या पद्धतीचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे एलिसचे पेडल. अळुवडीचा वळलेला उंडा आपण जसा सुरीने कापत जातो आणि प्रत्येक वडीत तीच गुंडाळी दिसते, तसा पेडलच्या छेदाचा दांडा आधी काढलेला असतो आणि त्याचे काप पाडून पेडल बनवलेली असतात. पायाखाली येणारी ती ॲल्युमिनियमची पोकळ, उघडी पट्टी रंगवलेली नाही, तिच्यावर रबराचे आवरण नाही. तिच्याकडे पाहताना भार कुठून कुठे जातो हे डोळ्यांना दिसते, आणि या गाडीचा आराखडा समजावून सांगायला ते एक पेडल पुरेसे आहे असे मला नेहमी वाटते.

पातळ भिंतीचे दांडे एकमेकांना जोडायचे कसे, हा यापुढचा आणि खरा अवघड प्रश्न होता. अशा दांड्यांसाठी वापरतात त्या ६००० मालिकेतील ॲल्युमिनियम मिश्रधातूला त्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून मिळालेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती सांध्याच्या आसपास जवळपास निम्म्याने घटू शकते. मग तो सांधा पुरेसा मजबूत राहावा म्हणून सबंध दांडाच जाड घ्यावा लागतो, म्हणजे सांध्याच्या चार बोटे जागेसाठी मीटरभर धातूचे वजन वाढते. लोटसने वेल्डिंग टाळले आणि दांडे इपॉक्सी गोंदाने चिकटवले. त्यासाठी दांड्यांच्या पृष्ठभागावर आधी ॲनोडायझिंग केले जाई, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवला जाई, नंतर गोंद लावून चॅसिस साच्यात बसवून भट्टीत तापवली जाई, म्हणजे गोंद पक्का होई. गोंदामुळे भार एका बिंदूवर न येता सबंध पृष्ठभागावर पसरतो, त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते.

गोंदाचा एक दुबळेपणा मात्र सर्वांच्या ओळखीचा आहे. बरणीवरचे लेबल आडवे ओढून निघत नाही, पण त्याचा एक कोपरा नखाने उचलला की ते सरसर सोलून येते. अपघातात सांध्याच्या टोकाशी नेमका असाच सोलणारा जोर येऊ शकतो. म्हणून सांध्यांच्या टोकांशी धातूत घुसणारे विशेष स्क्रू ठोकलेले आहेत. रोजचा भार गोंद वाहतो आणि ते स्क्रू कोपरा उचलला जाऊ देत नाहीत.

पिळाला विरोध कुठून येतो, हे बुटांच्या खोक्यावरून कळते. झाकण काढलेला खोका हातात धरून पिळला तर सहज वेडावाकडा होतो, आणि झाकण चिकटवले की तोच पुठ्ठा अचानक ताठ होतो. छप्पर नसलेली गाडी म्हणजे झाकण नसलेला खोका. एलिसमध्ये यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना, दाराखाली, उंच आणि रुंद बंद पेट्या आहेत. बंद पेटीची पिळाला विरोध करण्याची क्षमता तिच्या छेदाने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण भिंतीच्या जाडीच्या मात्र साध्याच प्रमाणात. म्हणून तेवढ्याच धातूची मोठी आणि पातळ पेटी लहान आणि जाड पेटीहून कितीतरी ताठ असते. या नियमाची किंमत एलिसच्या मालकाला गाडीत बसताना दर वेळी मोजावी लागते. दार उघडल्यावर समोर येतो तो जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला शोभावा असा उंच उंबरठा. तो ओलांडून, आधी बूड टेकवून आणि मग पाय ओढून घेत आत उतरावे लागते.

सगळेच ॲल्युमिनियमचे असावे असा हट्ट मात्र धरलेला नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इंजिनामागची उपचौकट जस्त चढवलेल्या पोलादाची असून बोल्टने जोडलेली आहे, त्यामुळे मागून धक्का बसला तर ती बदलता येते. डोक्यामागची संरक्षक कमान पोलादी आहे, चाकांना धरणारे अपराइटही पोलादी आहेत. टक्कर झेलणारा पुढचा भाग फायबरग्लासचा आहे, कारण तो चुरा होत होत ऊर्जा शोषतो. ज्या जागी जो माल कमी वजनात काम करतो तो तिथे वापरलेला आहे, मग तो माल नावाने जड का असेना.

बाकीच्या गाडीत पाहण्यासारखे थोडेच आहे. पहिल्या आवृत्तीत एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टीअरिंग किंवा ब्रेकचा सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारे साधन, नव्हते. काचा हाताने फिरवून खाली घ्यायच्या, शेजारच्या प्रवाशाचे आसन पुढेमागे होत नाही, आणि चॅसिसचे उघडे ॲल्युमिनियम हीच गाडीची आतली सजावट.

वजन घटल्याने नेमके काय बदलले

वेग वाढतो ही सर्वांत उघड गोष्ट आहे, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. ब्रेकचा हिशेब जास्त बोलका आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ८०० किलोंच्या गाडीत सुमारे ३०९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, तर १,२२५ किलोंच्या गाडीत सुमारे ४७३. ही सगळी ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. ती तृतीयांशाहून अधिक घटली की डिस्क लहान चालते, पायाचा जोर कमी लागतो, आणि म्हणूनच एलिसला सर्व्होशिवाय भागवता आले. सर्व्हो नाही म्हटल्यावर त्याचेही वजन गेले.

वळणाच्या बाबतीत मात्र अनेकांची गल्लत होते. वळताना गाडीला बाहेर ढकलणारा भासणारा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात असतो, हे खरे. पण टायरची पकडही त्याच्यावरच्या भाराच्या प्रमाणात वाढते. पुस्तकी गणितात दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटून जाते आणि हलकी गाडी काय, जड गाडी काय, वळणावर सारख्याच वेगाने जायला हवी असे उत्तर येते. रस्त्यावर तसे होत नाही, याचे कारण रबरात आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. उदाहरणापुरते आकडे घेऊ: डाव्या आणि उजव्या चाकावर प्रत्येकी ३०० किलो भार असताना पकडीचा गुणांक १.० असेल, तर दोन्ही मिळून ६०० किलोंइतकी पकड मिळते. वळणात १५० किलो भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर सरकला आणि गुणांक बाहेर ०.९, आत १.१ झाला, तर मिळणारी पकड ४०५ अधिक १६५, म्हणजे ५७० किलो. एकूण भार तेवढाच असूनही ३० किलोंची पकड हवेत विरली.

यातून दोन निष्कर्ष निघतात. तोच टायर कमी भाराखाली प्रत्येक किलोमागे जास्त पकड देतो, हा पहिला. दुसरा असा की आतून बाहेर सरकणाऱ्या भाराचे प्रमाण गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि चाकांमधल्या अंतरावर ठरते, वजनावर नाही. म्हणून वजन किती कमी केले याइतकेच ते किती उंचीवरून कमी केले हेही महत्त्वाचे असते. छपरावरचा एक किलो आणि तळाचा एक किलो वजनकाट्यावर सारखे दिसतात, पण वळणात ते सारखे नसतात. एलिसमध्ये चॅसिस, इंधनाची टाकी आणि माणसे, सगळेच जमिनीलगत बसलेले आहे. म्हणूनच तिला पुढे अवघे १८५ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरले. टायर अरुंद, पुढच्या चाकांवरचा भार एकूण वजनाच्या जेमतेम चार दशांश, त्यामुळे पॉवर स्टीअरिंगची गरज उरली नाही, आणि रस्त्याची प्रत्येक खरखर स्टीअरिंगमधून थेट तळहातात पोहोचू लागली. या गाडीच्या स्टीअरिंगची एवढी वाखाणणी का होते, त्याचे उत्तर वजनाच्या याच साखळीत आहे.

तिसरा बदल दिशा पालटण्याचा आहे. इंजिन चालकामागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, इंधनाची टाकी आसने आणि इंजिन यांच्या मधोमध, असे जड भाग गाडीच्या मध्याजवळ गोळा केलेले असले की गाडी उभ्या अक्षाभोवती चटकन फिरते. काठीच्या दोन टोकांना बांधलेली वजने मधोमध सरकवली की काठी मनगटाने गरगर फिरवणे सोपे जाते, तसेच हे आहे.

चौथ्या बदलाकडे, म्हणजे सस्पेन्शनकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही आणि माझ्या मते एलिसचे सगळ्यात मोठे यश तिथे आहे. स्पोर्ट्स कार म्हणजे दगडासारखे कडक स्प्रिंग, अशी आपली कल्पना असते. जड गाडीला वळणात कलण्यापासून रोखायचे तर कडक स्प्रिंग लागतातच. हलक्या आणि बुटक्या गाडीला ते लागत नाहीत. त्यामुळे एलिस खराब रस्त्यावर अनेकांच्या अपेक्षेहून मऊ चालते, आणि चाक रस्त्याला चिकटून राहिल्याने पकडही टिकते. मात्र त्यात एक अडचण दडलेली असते. बॉडी हलकी झाली आणि चाके, डिस्क, अपराइट जुन्याच वजनाचे राहिले, तर उसळणारे चाक बॉडीला जास्त जोराने ढकलते. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या रस्त्यांवरून हलकी गाडी नेलेल्या कोणालाही ही जाणीव असेल. म्हणजे बॉडी हलकी करणाऱ्याला चाकाकडचे वजनही त्याच प्रमाणात उतरवावे लागते. सुरुवातीच्या एलिसला ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकचे कण मिसळलेल्या संमिश्र धातूच्या ब्रेक डिस्क दिल्या होत्या, त्या यासाठीच. नेहमीच्या बिडाच्या डिस्कपेक्षा त्या फारच हलक्या होत्या, आणि गाडी मुळात हलकी असल्यानेच त्यांना ती उष्णता सोसत होती.

किंमत

या डिस्क फार काळ टिकल्या नाहीत. त्या पुरवणाऱ्या कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले आणि काही वर्षांतच एलिस बिडाच्या डिस्कवर आली. अतिशय खास मालावर आराखडा उभा केला की पुरवठ्याची एक कडी तुटताच वजनाचा हिशेब बिघडतो, हा धडा कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

रोव्हरचे के-सिरीज इंजिनही असेच दुधारी होते. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, आणि वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या लांब बोल्टांनी सगळे थर एकत्र आवळलेले, अशी त्याची कल्पक आणि वजनाने अतिशय कमी असलेली रचना होती. त्यातले शीतक द्रवाचे प्रमाणही थोडे होते. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी चकती, जाण्याबद्दल हे इंजिन पुढे बदनाम झाले, आणि ज्यांनी गाडी पूर्ण तापण्याआधी रेटली नाही, पाण्याच्या पातळीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले, त्यांना ते चांगली साथ देत राहिले. हलक्या रचनेत चुकीला वाव कमी असतो.

सगळ्यात मोठी किंमत अपघातानंतर कळते. गोंदाने जोडलेली, भट्टीत तापवलेली चॅसिस वाकली तर ती ठोकून सरळ करता येत नाही. ती सबंध बदलावी लागते, आणि अनेकदा तेवढ्या खर्चात गाडीच निकाली काढणे विमा कंपनीला परवडते. आणखी एक बाब हिशेबात धरायला हवी. गाडी हलकी असली की तिच्यावर चढणारा भार तुलनेने मोठा ठरतो: ७५ किलोंचा प्रवासी शेजारी बसला की चालकासह ८०० किलोंची एलिस नऊ टक्क्यांहून जास्त जड होते, तर १,२२५ किलोंची हॅचबॅक जेमतेम सहा टक्के. एकट्याने चालवताना तोलात असणारी गाडी दोघांत वेगळी वाटते, ती यामुळे.

हाच उपाय साध्या गाडीला लावला तर

महाराष्ट्रात ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावर आखलेल्या मार्गावरची वेळेची शर्यत) किंवा रॅलीची हौस असलेले अनेक तरुण जुनी हॅचबॅक घेऊन तिच्यावर हा प्रयोग करतात: मागचे आसन काढतात, स्टेपनी काढतात, गालिचा आणि आवाज रोखणारे थर सोलून टाकतात. त्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहितो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन आधीच पुढे असते, आणि सहज काढता येणाऱ्या वस्तू बहुतेक मागे आणि खाली असतात. त्या काढल्या की गाडी हलकी होते, पण तिचा तोल आणखी पुढे झुकतो. मागची बाजू स्प्रिंगवर उचलली जाते, गुरुत्वमध्य तुलनेने वर सरकतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर हलकी झालेली मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरण्याची भीती वाढते. पन्नास किलो काढूनही गाडी वळणावर आधीपेक्षा वाईट का वागते, असा प्रश्न पडतो तो इथे.

अशा गाडीत पहिला खर्च वजनकाट्यावर करावा. चारही चाकांखालचे वजन वेगवेगळे मोजून लिहून ठेवावे, आणि प्रत्येक वस्तू काढल्यावर पुन्हा मोजावे. बॅटरी मागे नेता येते का हे पाहावे, कारण त्याने वजन घटत नाही पण तोल सुधारतो. हलकी रिम आणि योग्य टायर यांवर केलेला खर्च मागचे आसन काढण्यापेक्षा बहुधा जास्त फळ देतो. शेवटी स्प्रिंग आणि ब्रेकचा समतोल नव्या वजनाप्रमाणे जुळवावा. सीट बेल्ट, एअरबॅग आणि दारांतल्या आडव्या पट्ट्या यांना हात लावू नये. एलिसमध्ये एअरबॅग नव्हती हे त्यासाठी उदाहरण म्हणून देऊ नये. ती १९९६ सालची मर्यादा होती. रस्त्यावरच्या गाडीत निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाला छेद देणारे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, म्हणून असा प्रयोग फक्त स्पर्धेसाठी वेगळ्या ठेवलेल्या गाडीवर करावा.

वजन परत कसे आले

२००० च्या अखेरीस एलिसची दुसरी आवृत्ती आली, कारण युरोपातील अपघात सुरक्षेच्या नव्या नियमांत पहिली बसत नव्हती. चॅसिसची मूळ कल्पना तीच राहिली, उंबरठा थोडा खाली आला आणि गाडी थोडी जड झाली. अमेरिकेत विकण्यासाठी टोयोटाचे १.८ लिटर इंजिन, सहा गिअर, एअरबॅग आणि एबीएस आले तेव्हा वजन ९०० किलोंच्या आसपास पोहोचले. यातली प्रत्येक भर रास्त होती. एअरबॅगला नको म्हणणे मला योग्य वाटत नाही, आणि वातानुकूलन मागणाऱ्या ग्राहकालाही मी दोष देणार नाही. पण शंभर-दीडशे किलो वाढतात ते असेच, एकेक रास्त कारण पुढे करत.

२००८ मध्ये टेस्लाची पहिली रोडस्टर आली तिच्या मुळाशीही एलिसची चॅसिस होती. बदल करून ती लांब केली आणि तिच्यात ६,८३१ सेलची, सुमारे ४५० किलोंची बॅटरी बसवली. एका बॅटरीचे वजन मूळ चॅसिसच्या साडेसहापटीहून जास्त, आणि सगळी गाडी १,३०० किलोंच्या घरात. २०२३ मध्ये लोटसने भारतात अधिकृत विक्री सुरू केली ती एलेट्रे या विजेवरच्या एसयूव्हीने, आणि तिचे वजन सुमारे अडीच टन आहे.

एलिसचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. तोवर ३५ हजारांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. त्याच्या चार वर्षे आधी, २०१७ मध्ये, कंपनीने एलिस स्प्रिंट नावाची हलकी आवृत्ती काढली होती. तिच्यात कार्बन फायबरची आसने बसवून ६ किलो वाचवले, लिथियम-आयन बॅटरीने ९ किलो, घडीव हलक्या चाकांनी ५ किलो, आणि असे एकेक करत एकूण ४१ किलो उतरवले. एवढे करून ती ७९८ किलोंवर आली. पहिल्या एलिसपाशी यातली एकही महागडी वस्तू नव्हती, आणि ती ७२५ किलोंची होती.